किनारा शिकायचाय? मग वाळूचा हिशोब आवडला पाहिजे

तुझं पत्र दोनदा वाचलं. देवबागला राहतेस, बारावी सायन्स, घरामागची माडांची रांग दोन पावसाळ्यांत समुद्राने नेली, बाबा म्हणतात बंधाऱ्याला अजून दगड टाकले की झालं, तुला मात्र हे असं का होतं ते शिकायचंय आणि आईचा प्रश्न आहे की वाळू मोजून पोट भरतं का.

आईला सांग, भरतं, पण जागा थोड्या आहेत आणि सुरुवातीची काही वर्षं बहुतेकदा प्रोजेक्टवर, कॉन्ट्रॅक्टवर जातात, हे आत्ताच माहीत असलेलं बरं.

आता विषयाबद्दल. समुद्र आवडतो म्हणून येणारी मुलं इथे दमतात गं, कारण हे सगळं हिशोबाचं काम आहे, किनाऱ्यावर वाळू किती आली, किती गेली, मधे कोणी अडवली. पुदुच्चेरीचं बघ. तिथे वर्षभराची गोळाबेरीज केली तर लाटा वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकवत नेतात. १९८०च्या दशकाच्या शेवटी बंदरासाठी समुद्रात ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारे बांध, घातले आणि ती वाट अडली, दक्षिणेला वाळू साठत गेली आणि उत्तरेला शहरासमोरची चौपाटीच नाहीशी झाली. मग शहर वाचवायला दगड टाकले, तर धूप अजून उत्तरेला मच्छीमारांच्या गावांकडे सरकली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा प्रोमेनेडखाली नुसते काळे दगड होते, पाय टेकवायला वाळू नाही. पुढे २०१८च्या सुमारास चेन्नईच्या एनआयओटी या सरकारी समुद्र-तंत्रज्ञान संस्थेने पाचरीच्या आकाराचा स्टीलचा अवाढव्य सांगाडा पाण्याखाली बसवला, लाटांचा जोर तिथे मोडला, बंदरातला गाळ उपसताना निघालेली वाळूही घातली, आणि सचिवालयासमोर पुन्हा पुळण दिसायला लागली. हे कुठे बसवायचं, किती उंच, वाळू किती लागेल, हे आधी कोणीतरी गणित करून काढलेलं असतं. तुला व्हायचंय ते हे माणूस.

बाबांना दोष देऊ नकोस, ज्याचं अंगण जातंय त्याला आज दगडच हवेत. फक्त एवढं सांग की बंधारा मागचं घर राखतो, पुढची पुळण नाही.

शिक्षणाच्या वाटा दोन. गणित चांगलं असेल तर सिव्हिल इंजिनिअरिंग आणि मग गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मद्रास किंवा सुरतकलच्या एनआयटीत ओशन इंजिनिअरिंगकडे एमटेक. नाहीतर जिऑलॉजी किंवा फिजिक्समध्ये बीएस्सी आणि पुढे गोवा विद्यापीठात मरीन सायन्स किंवा कोचीनच्या कुसॅट विद्यापीठात ओशनोग्राफी, मरीन जिऑलॉजी. माझं मत विचारशील तर तुझ्यासाठी सिव्हिल, कारण हे पुढे नाही जमलं तरी हातात डिग्री राहते. काम कुठे, तर पुण्याजवळ खडकवासल्याची सीडब्ल्यूपीआरएस ही पाणी आणि वीज संशोधन संस्था, तिथे बंदरांची छोटी मॉडेल्स करून पाणी सोडून बघतात, गोव्यात दोनापावलाची समुद्रविज्ञान संस्था एनआयओ, चेन्नईचं किनारा संशोधन केंद्र एनसीसीआर, शिवाय बंदरांचं काम करणाऱ्या कन्सल्टन्सी. एनसीसीआरने १९९० ते २०१८चे सॅटेलाइट फोटो तपासले तेव्हा देशाचा साधारण एक तृतीयांश किनारा झिजताना दिसला, म्हणजे काम संपणारं नाही.

पण फॉर्म भरायच्या आधी एक कर. दीड मीटरच्या दोन सारख्या काठ्या घे, दर दहा सेंटीमीटरला रंगाने खुणा कर, मधे दोन मीटर दोरी बांध. अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला सुरूच्या एका ठरलेल्या झाडापासून पाण्याकडे चालत जा, मागच्या काठीशी उभी राहून पुढच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत धर, ती रेष तुझ्या काठीवर टोकापासून किती खाली येते ते वहीत लिही, तेवढा उतार, मग काठ्या पुढे सरकव. जूनच्या आधी सुरू कर आणि दिवाळीनंतरही चालू ठेव, कारण पावसाळ्यात लाटा वाळू आत ओढून नेतात आणि शांत हवेत बरीचशी परत आणतात, जुलैचा फोटो बघून किनारा गेला म्हणणं चुकीचं ठरतं. उधाणाच्या दिवसांत मात्र एकटी जाऊ नकोस, दोरीचं दुसरं टोक बाबांच्या हातात दे.

सहा महिन्यांचे आकडे ग्राफ पेपरवर एकावर एक काढ. ते करताना कंटाळा आला तर दुसरं काही बघू, अजिबात वाईट नाही त्यात. नाही आला तर वहीचे फोटो मला पाठव, कॉलेजांची यादी तेव्हा बसून करू.