मुंबईहून पुण्यात आलो, सामानात लग्नाच्या जुन्या डीव्हीडी सापडल्या. लॅपटॉपला ड्राइव्ह नाही. चित्रण कसं घ्यावं?

यूएसबीवर चालणारी बाहेरची डीव्हीडी ड्राइव्ह जोडा आणि मेकएमकेव्ही या संगणक प्रोग्रामने प्रत्येक डिस्कची एमकेव्ही (व्हिडिओचा एक प्रकार) फाइल करून घ्या. ड्राइव्ह पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात मिळेल. डिस्कवरच्या नुसत्या व्हीओबी (चित्रणाच्या मूळ) फाइली कॉपी करता येतात, पण डीव्हीडीवर चित्रण १ जीबीपर्यंतच्या तुकड्यांत साठवलेलं असतं, त्यामुळे सप्तपदी मध्येच तुटून पुढच्या फाइलीत जाते. मेकएमकेव्ही ते तुकडे सलग जोडतं आणि चित्राचा दर्जा जराही उतरत नाही. भरलेल्या साध्या डिस्कला साधारण ४.५ जीबी जागा धरा.

नातेवाइकांना पाठवायला लहान फाइल हवी असेल तर हँडब्रेक या व्हिडिओ लहान करणाऱ्या प्रोग्राममध्ये एच.२६४ हा प्रकार निवडा, आरएफ (दर्जाचा आकडा) १८ ते २० ठेवा आणि डीइंटरलेस ही सोय चालू करा. ती चालू करायची राहिली तर अक्षता टाकणाऱ्या हातांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. रिझोल्यूशन ७२०×५७६ असेल ते तसंच राहू द्या, वाढवून नवा तपशील येत नाही. मूळ एमकेव्ही कृपया पुसू नका.

वाचताना ड्राइव्ह अडकली तर डिस्क मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नाही. तरी अडली तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. ड्राइव्ह मध्येच बंद पडत असेल तर यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक करणारा जोड) काढून थेट लॅपटॉपला जोडा, बहुतेक वेळा वीज कमी पडते.

हे घरच्या चित्रणापुरतं. विकतच्या सिनेमांच्या बऱ्याच डिस्कना कॉपी रोखणारं कुलूप असतं, तिथे कॉपीराइट कायद्याचं कलम ६५अ आडवं येऊ शकतं.