एस्टोनिया वर, भारत तळाशी: हा तक्ता टिपणीत जाण्याआधी

देशोदेशींच्या नव्या कंपन्यांची तुलना करणाऱ्या तुमच्या तक्त्यात एस्टोनिया सर्वांत वर, भारत तळाशी, आणि प्रश्न असा की राज्याने कंपनी नोंदणीचा खर्च कमी करावा का. हाच पेच मीही हाताळलाय, म्हणून सविस्तर लिहितो. सांख्यिकीतला शेवटचा शब्द माझा नाही, हे आधीच सांगतो.

तुमचा रकाना जागतिक बँकेचा आहे: १५ ते ६४ वयाच्या दर हजार लोकांमागे वर्षभरात नोंदलेल्या नव्या मर्यादित दायित्वाच्या कंपन्या. शॉप ॲक्टवर चालणारा प्रोप्रायटर, म्हणजे कंपनी न काढता एकट्याच्या मालकीचा धंदा करणारा, त्यात येतच नाही. उलट एस्टोनिया डिसेंबर २०१४ पासून परक्यांना ई-रेसिडेन्सी देतो, म्हणजे तिथे न राहता ऑनलाइन कंपनी काढता येईल अशी डिजिटल ओळख. बाहेर बसून काढलेली कंपनी अंशात येते, तिचा मालक छेदात नसतो.

खरा घात पुढे होतो. भारत फारच खाली दिसतो म्हणून कुणीतरी त्याच्यापुढे उद्यम नोंदणीचे, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या केंद्राच्या नोंदणीचे, आकडे घालतो. कृपा करून हे करू नका. उद्यम १ जुलै २०२० ला सुरू झाले आणि उद्योग आधार ही आधीची नोंदणी असलेल्यांनाही पुन्हा नोंदणी करावी लागली. वीस वर्षांची पिठाची गिरणीही त्या वर्षीची 'नवी' ठरते. जानेवारी २०२३ पासून उद्यम असिस्ट या जोड-मंचातून जीएसटी नसलेले सूक्ष्म व्यवसाय आले, की आलेख पुन्हा उसळतो. ही उसळी नोंदीची आहे, उद्योजकतेची नाही. नोंदणीच्या तारखेऐवजी व्यवसाय प्रत्यक्ष सुरू झाल्याची तारीख घ्या. ती प्रमाणपत्रावर असते. अशी फोड एका कार्यालयाकडे मागितली, तर वर्षवार बेरीज हातात ठेवली आणि विषय बंद. मूळ तारखा हाताशी असून द्यायच्या नाहीत, याचा मला आजही राग आहे, कारण तुलना तिथेच मेली. तुम्ही मागणी लेखी करा आणि हव्या त्या रकान्यांची नावे अर्जातच लिहा.

प्रोप्रायटर धरायचे असतील तर ग्लोबल आंत्रप्रन्युअरशिप मॉनिटर या देशोदेशींच्या सर्वेक्षणाचा टीईए (सुरुवातीच्या टप्प्यातल्या उद्योजकतेचा दर) घ्या: १८ ते ६४ वयातले किती टक्के लोक व्यवसाय उभारत आहेत किंवा ४२ महिन्यांपर्यंतचा चालवत आहेत. पण तो सर्वेक्षणाचा आकडा आहे. २००० जणांच्या साध्या नमुन्यात १० टक्के आले तर नमुन्यामुळे येणारी चूक ±१.३ टक्के-बिंदू धरा, अशा दोन देशांमधला फरक दोनाच्या आत असेल तर क्रम लावू नका. फक्त स्त्रियांचा आकडा काढलात तर नमुना निम्मा होतो आणि एका देशाचीच चूक ±१.९ वर जाते. शिवाय टीईए जास्त म्हणजे धोरण चांगले, असे मुळीच नाही. नोकऱ्याच नसतील तर लोक टपरी टाकतात. व्यवसाय का सुरू केला, या प्रश्नाची उत्तरे शेजारी ठेवल्याशिवाय तो आकडा छापू नये, असे माझे ठाम मत आहे.

'डुइंग बिझनेस' या जागतिक बँकेच्या व्यवसाय-सुलभतेच्या क्रमवारीतली भारताची १४२ वरून ६३ वरची झेप कुणी पुढे केली तर दोन गोष्टी सांगा. भारताची माहिती फक्त मुंबई आणि दिल्लीची होती, गडचिरोलीबद्दल ती काही सांगत नाही. आणि २०१८ व २०२० च्या आवृत्त्यांतल्या आकड्यांमध्ये गडबड आढळल्यावर तो अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये बंद झाला.

रोजगार हा हेतू असेल तर नव्या कंपन्या मोजूच नका. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेची वेगवान वाढीच्या कंपनीची व्याख्या वापरा: सुरुवातीला किमान १० कर्मचारी आणि तीन वर्षे कर्मचाऱ्यांत सरासरी २० टक्क्यांहून जास्त वार्षिक वाढ. युरोस्टॅट ही युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था १० टक्क्यांची रेषाही वापरते, तेव्हा कुठली घेतली ते तळटीपेत लिहा.

खर्चाबद्दल: १५ लाखांपर्यंतच्या अधिकृत भांडवलाला (कंपनी जास्तीत जास्त जेवढे भागभांडवल काढू शकते त्याला) केंद्राने नोंदणी शुल्क मार्च २०१९ पासून माफ केले आहे. राज्याच्या हातात मुद्रांक शुल्क उरते. शिफारस करायचीच तर तेवढ्याचीच करा.