मोरचुदाचं लांबलचक नाव

भाऊ, पिशवीवर 'कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट' वाचून दचकू नकोस, ते आपलं मोरचूदच. पेंटा म्हणजे पाच, हायड्रेट म्हणजे पाणी धरून बसलेलं. म्हणूनच किलोमागे तांबं जेमतेम 250 ग्रॅम. निळा रंगही त्या पाण्यामुळेच. तापवलं की पांढरं पडतं.

आपल्या निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या छाटणीनंतर ओलांड्यांवर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांवर, 1 टक्का बोर्डो (बुरशी रोखणारं मिश्रण) मारतात: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजव, प्लास्टिकच्याच भांड्यात. एकत्र केल्यावर विळा बुडवून बघ. तांबूस लेप चढला तर चुना वाढव. मी पहिल्या वर्षी हे टाळलं आणि वेलीची नवी फूट करपवून बसलो! द्रावण त्याच दिवशी संपव.