तांदळाचा मास्क चेहऱ्यावर सुकू देऊ नका

प्रश्न : ताई नमस्कार, मी ऐरोलीला राहते, वय २८, ऑफिस महापेला. रोज रिक्षाने येजा, रस्त्यावर ट्रक आणि धूळ, त्यामुळे संध्याकाळपर्यंत चेहरा एकदम काळवंडल्यासारखा दिसतो. तीन आठवड्यांनी बहिणीचं लग्न आहे आणि आत्या सारखी म्हणतेय की करवली म्हणून मिरवायचंय तर जरा उजळ हो. म्हणून मी भाकरीचं तांदळाचं पीठ, दही आणि अर्ध्या लिंबाचा रस असा पॅक केला, फॅनखाली बसून पाऊण तास एकदम कडक होईपर्यंत ठेवला आणि मग चोळून काढला. तेव्हा स्किन खूप मऊ लागली, पण दुसऱ्या दिवसापासून गाल लाल झालेत, फेसवॉश लावला की झोंबतं. मला तांदूळ सूट होत नाही का? मैत्रीण रेडीमेड राइस मास्क वापरते, तो घेऊ का?

उत्तर : अगं, तांदळाला कशाला दोष देतेस, तुझे गाल जळजळतायत ते लिंबाने, चोळण्याने आणि त्या पाऊण तासाने. लिंबाच्या रसाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण २ असतो आणि आपल्या त्वचेचा ५ च्या आसपास, आणि यात एका अंकाचा फरक म्हणजे दहा पट, म्हणजे तू गालावर हजार पट जास्त आंबट काहीतरी ठेवलंस. त्यात चेहऱ्यावरचं लिंबू नीट न धुता उन्हात गेलं की चट्टे उठतात आणि ते काळे डाग महिनोन्महिने राहतात, त्यामुळे चेहऱ्याला लिंबू लावणं कायमचं बंद कर, हे मी अगदी हात जोडून सांगते.

दुसरं म्हणजे पॅक कडक होणं. पिठातला स्टार्च ओला असेपर्यंत त्वचेवर पाणी धरून ठेवतो, पण सुकायला लागला की आकसतो आणि वरच्या थरातलं पाणीही निघून जातं. आपल्याला चेहरा ताणल्यासारखा झाला की वाटतं पॅक काम करतोय. नाही गं, तिथून पुढे नुकसानच होतं. आणि भाकरीचं पीठ जरा जाडसर असतं, ते कोरडं चोळलं की बारीक ओरखडे पडतात, तेव्हा मऊ लागलं ते वरचा थर खरवडला गेल्यामुळे.

आता निदान आठवडाभर काहीही लावू नकोस. साधा, बिनवासाचा फेसवॉश, दोन वेळा मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन, झालं. पाणी सुटायला लागलं किंवा फोड आले तर मात्र थेट स्किनच्या डॉक्टरकडे.

गाल पूर्ण शांत झाले की मग तांदूळ शिजवून घे. एक चमचा तांदूळ, सहासात चमचे पाणी, अगदी गाळ होईपर्यंत शिजव, चमच्याने घोटून गाळणीतून काढ, गार झाल्यावर त्यात ग्लिसरीनचे चारपाच थेंब. शिजल्यावर स्टार्च फुगतो, कण राहत नाही, खरखर नाही. घरात इंद्रायणी असेल तर छान चिकट, गुळगुळीत होतं, पण कोलम असेल तर कोलम, त्यासाठी ठाण्याच्या बाजारात जांभळी नाक्याला खास फेरी मारायची काही गरज नाही. (माझी आजी वाडा तालुक्यातली, थंडीत पेजेवरचं कोमट दाट पाणी आमच्या फुटलेल्या टाचांना लावायची, मला या मास्कची माया तिथूनच आहे.) शिजवायचा कंटाळा आला तर मोदकाची बारीक पिठी दुधात कालव, भाकरीचं पीठ नको.

आधी कानामागे थोडं लावून धू आणि दोन दिवस बघ. मग चेहऱ्यावर ८ ते १० मिनिटं, कडा सुकायला लागल्या की ओला हात फिरवायचा, आणि ओला असतानाच कोमट पाण्याने नुसता धुवून टाकायचा, चोळायचं नाही. चेहरा टिपून लगेच मॉइश्चरायझर. आठवड्यातून एकदा पुरे. उरलेलं फेकून दे, शिजवलेला भात आपल्याकडच्या दमट हवेत बाहेर ठेवला की त्यात जंतू भराभर वाढतात.

याने उजळ होशील का? कोरड्या त्वचेवरच्या मृत पेशींच्या कडा उचललेल्या असतात, त्यावर प्रकाश विस्कटतो आणि चेहरा निस्तेज दिसतो. पाणी मिळालं की त्या कडा बसतात, प्रकाश सारखा परततो, त्यालाच आपण ग्लो म्हणतो. तो एखादा दिवस टिकतो. मूळ रंग त्वचेतल्या मेलॅनिन या रंगद्रव्याचा, तो तांदळाने बदलत नाही आणि बदलायची गरजही नाही, आत्यांना हे माझ्या नावाने सांग. रिक्षातल्या उन्हाचा टॅन वाढू नये म्हणून एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, दोन बोटं भरून, रोज.

रेडीमेड मास्क घ्यायला हरकत नाही. ग्लिसरीन, नियासिनमाइड (बी३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) असेल तर उत्तम, रवाळ कण किंवा उग्र वास असेल तर राहू दे. तांदळातले त्वचेला उपयोगी घटक, फेरुलिक ॲसिड, ओरायझॅनॉल, हे सगळं कोंड्यात असतं, पॉलिशच्या पांढऱ्या तांदळात ते फारसं उरत नाही, त्यामुळे पाकिटावर राइस ब्रॅन, म्हणजे तांदळाचा कोंडा, लिहिलेलं असेल तर ते घे. शेवटचा मास्क हळदीच्या दोनतीन दिवस आधी लाव, आणि तोही आधी वापरून बघितलेलाच.

प्रश्न : मी कळव्याची, वय ४६. दोन्ही गालांवर वांग आहे. मेडिकलवाल्याने दिलेली क्रीम वर्षभर लावतेय, आधी फरक पडला, आता थांबवली की चेहरा लाल होऊन खाजतो. सोबत तांदळाचं धुवण लावलं तर वांग जाईल का?

उत्तर : नाही ताई, धुवणाने वांग जात नाही. मला जास्त काळजी त्या क्रीमची वाटतेय. ट्यूबवर मोमेटासोन, बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असं काही आहे का बघा, ही स्टेरॉइडं आहेत, चेहऱ्यावर इतके महिने लावली की त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात आणि बंद केलं की अगदी तुम्ही सांगताय तसंच होतं. मनाने अचानक बंदही करू नका आणि पुढची ट्यूबही आणू नका. छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल तुमच्या कळव्यातच आहे, तिथे स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. वांग उन्हाने वाढतं, नुसत्या उजेडानेही वाढतं, म्हणून उजेडही अडवणारं, आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड (त्वचेच्या रंगाचं) सनस्क्रीन चालेल का ते त्यांना विचारा. आणि जाताना ती ट्यूब बरोबर न्या, संपलेली असली तरी.