कुटुंबासह जर्मनीला जातोय. भारतातूनच भाड्याचं घर पक्कं करावं का?

नका करू. घर न दाखवता अनामत मागणारी जाहिरात बहुधा फसवीच. आधी दोन-तीन महिन्यांसाठी फर्निचरसह तात्पुरतं घर घ्या. मात्र घरमालक ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’, म्हणजे तुम्ही तिथे राहता असा दाखला, देणार का हे लेखी विचारा. त्याशिवाय पत्त्याची नोंदणी (आनमेल्डुंग) अडते. मग टॅक्स आयडी, मुलांचा भत्ता सगळंच रखडतं. नोंदणीची मुदत राहायला गेल्यापासून २ आठवडे.

‘काल्टमीटे’ म्हणजे नुसतं भाडं. हीटिंग, पाणी धरून ‘वार्ममीटे’. वीज बहुतेकदा त्याहून वेगळी. अनामत जास्तीत जास्त ३ महिन्यांच्या काल्टमीटेइतकी, आणि ती ३ मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्यानेच आहे. आणि हो, स्वयंपाकघरात ओटा-सिंकसुद्धा नसू शकतं! जाहिरातीत ‘आइनबाउक्युशे’ (म्हणजे बसवलेलं स्वयंपाकघर) लिहिलंय का बघा.