सप्लायर फायनल करायच्या आधी

अरे भावा, ऑनलाइन विकायला सप्लायर शोधतोयस ना, मग त्याच्या कॅटलॉगचे फोटो बघून भुलू नको. आधी जीएसटी नंबर माग, १५ अक्षर-आकड्यांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने, आणि जीएसटी पोर्टलवर टाकून बघ चालू आहे की कॅन्सल झालाय. मग गिऱ्हाईक बनून ऐरोलीला घरच्या पत्त्यावर ऑर्डर टाक, पॅकिंग कसंय, पाकिटावर एमआरपी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आहे का बघ आणि मुद्दाम रिटर्न पण कर, तिथेच माणूस कळतो, गोड काय सगळेच बोलतात. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल परत आलं तर कुरिअरचं भाडं कोण भरणार हे व्हॉट्सॲपवर लिहून घे. सप्लायर भिवंडीत गोडाऊन आहे म्हणतोय ना, मग ठाण्याहून लांब थोडीच आहे, जाऊन बघून ये. ॲडव्हान्स मात्र तोवर एक रुपया देऊ नको.