समीकरण सोडवताना चिन्हाआधी कारण पाहा

पक्षांतर करताना, म्हणजे एखादे पद समीकरणाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेताना, चिन्ह बदलते, हा नियम नुसता पाठ करू नका. ३(क्ष − ४) = २क्ष + ५ हे समीकरण घ्या. कंस सोडवताना ३ ने ४ लाही गुणावे लागते, म्हणून डावी बाजू ३क्ष − १२ होते. नवशिक्यांची उत्तरे पुष्कळदा इथेच, ३क्ष − ४ लिहिल्यामुळे, बिघडतात. आता दोन्ही बाजूंतून २क्ष वजा करा आणि दोन्ही बाजूंत १२ मिळवा, की क्ष = १७ मिळते. चिन्ह बदलणे म्हणजे याच दोन क्रियांचे संक्षिप्त लेखन होय.

ताळा मूळ समीकरणातच करावा, कारण वरच्या ओळीत चूक झाली असली तरी खालच्या ओळी एकमेकींशी जुळतातच. इथे क्ष = १७ घातल्यास दोन्ही बाजू ३९ येतात.

शाब्दिक उदाहरणांत खरी अडचण मांडणीची असते. गोव्यातील म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ४ नारळ आणि ६० रुपयांची सोलां (आमसुले) घेऊन २२० रुपये झाले, तर ‘क्ष म्हणजे नारळ’ असे न लिहिता ‘क्ष म्हणजे एका नारळाची रुपयांतील किंमत’ असे लिहावे; मग ४क्ष + ६० = २२० हे समीकरण सहज मांडता येते. उत्तर ४० येते (बाजारभावाशी ते जुळेलच असे नाही).